फोटोसाठी प्रिंटर घेताय? आधी हे बघा

लेझर प्रिंटरच्या नादी लागू नका; कागदपत्रांना तो उत्तम, फोटोला नाही. इंकजेटच (शाईचे बारीक थेंब कागदावर उडवणारा) घ्या, तोही शाईच्या टाकीचा. कार्ट्रिजवाला (शाईच्या बदलायच्या डब्यांचा) दुकानात स्वस्त दिसतो, पण खरा खर्च शाईचा. चारऐवजी सहा रंगांचा मिळाला तर सोन्याहून पिवळं: एप्सनच्या एल८०५० मध्ये फिका निळसर आणि फिका गुलाबीही असतो, त्यामुळे चेहऱ्याचा रंग, आभाळ दाणेदार दिसत नाही. फक्त ४×६ इंचांचेच फोटो हवे असतील तर कॅननचा ‘सेल्फी’ (SELPHY) हा छोटा फोटो प्रिंटर बघा. त्यात पातळ शाईच नसते, म्हणजे वाळायची भीती नाही. इंकजेट मात्र महिनोन्‌महिने बंद ठेवलात तर नोझल (शाई बाहेर सोडणारी बारीक छिद्रं) तुंबतात. आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा. आणि वर्षाकाठी दहा-वीसच फोटो काढणार असाल तर सरळ स्टुडिओत जा की!