पुरवठादाराकडे खातं उघडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घरीच मेणबत्त्या बनवते. दोन घाऊक पुरवठादारांना मेल केली. एकाचं उत्तरच नाही, दुसऱ्यानं ‘आम्ही फक्त व्यावसायिकांना माल देतो’ असं कळवलं. दुकान नसेल तर घाऊक भावात माल घ्यायचं खातं मिळतच नाही का?

मिळतं. तुमची मेल मी पाहिलेली नाही, पण त्यात ‘मी लहान प्रमाणावर काम करते, दर कळवाल का?’ असं काहीतरी असणार. अशा चौकशा घाऊकवाल्याकडे सतत येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकदाच स्वस्तात माल हवा असतो. त्याला तुमच्या दुकानाशी देणंघेणं नाही. पुन्हा पुन्हा माल उचलणारं गिऱ्हाईक त्याला हवं असतं. तेव्हा सहा-सात ओळींत सांगा : काय बनवता, कुठे विकता, त्याच्या यादीतला कोणता माल हवा आणि महिन्याला साधारण किती. सोबत व्यवसाय नोंदणीचा कागद आणि तुम्ही गिऱ्हाइकाला दिलेलं एखादं बिल जोडा. ‘छोटासाच आहे हो माझा व्यवसाय’ हे खोडून टाका. पहिल्याच पत्रात उधारी मागू नका. आधी रोखीचं खातं मागा, म्हणजे भाव घाऊक आणि पैसे आगाऊ. यात त्याची जोखीम नसते, त्यामुळे नाही म्हणायला कारणही उरत नाही.

प्रश्न : खातं मिळालं, पण साबणासाठी लागणारं तेल २५ किलोच्या डब्याखाली देत नाहीत. घ्यावं का?

संपणार किती, ते आधी बघा. समजा, किरकोळीत किलोला १०० पडतात आणि घाऊकीत ७०. म्हणजे डबा १,७५० चा. त्यातलं १० किलो खवट झालं, तर वापरलेलं १५ किलो तुम्हाला किलोला जवळजवळ ११७ ला पडलं. साडेसतरा किलो वापरून होईपर्यंत बरोबरीसुद्धा होत नाही. आणि खवट होऊ लागलेलं तेल साबणातच खपवू म्हणाल, तर पुढे वड्यांवर नारिंगी डाग उठतात, वास येतो. माझा पहिल्या वर्षीचा अर्धा डबा असाच वाया गेला, म्हणून जरा जास्तच पोटतिडकीनं लिहिते आहे. मणी किंवा माती वर्षभर पडून राहिली तरी बिघडत नाही. तिथे अडकतात ते फक्त पैसे आणि जागा.

ही किमान मर्यादा पहिल्या ऑर्डरपुरती आहे की दरवेळची, एकेका वस्तूवर आहे की एकूण बिलावर, हे विचारून घ्या. एकूण बिलावर असेल तर तेलाचा छोटा डबा मिळतो का ते पाहा आणि उरलेली रक्कम साचे, वेष्टनं अशा न बिघडणाऱ्या मालानं भरून काढा. दोघीतिघींनी मिळून घ्यायचं ठरवलंत, तर बिल एकीच्याच नावावर निघतं आणि पुरवठादार तिलाच धरतो. बाकीच्यांचे पैसे ऑर्डर देण्याआधी हातात घ्या, मैत्री कितीही जुनी असली तरी.

प्रश्न : आता ३० दिवसांची उधारी देऊ केली आहे. १० दिवसांत पैसे भरले तर २ टक्के सूट. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं?

मोठंच आहे. सूट सोडून तुम्ही फक्त २० दिवस जास्त मिळवता. ९८ चं देणं २० दिवस लांबवायला २ मोजायचे, याचा वर्षाचा हिशेब केला तर व्याज सुमारे ३७ टक्के पडतं. गल्ल्यात पैसे असतील तर दहाव्या दिवसाच्या आत भरून मोकळ्या व्हा. नसतील तर ३० दिवस घ्या, पण मग पूर्ण घ्या. पंधराव्या दिवशी भरून सूटही नाही आणि मुदतही नाही, असं करू नका. मुदत बिलाच्या तारखेपासून आहे की महिनाअखेरीपासून, हेही लिहून घ्या. महिन्याच्या ३ तारखेच्या बिलाला यानं जवळजवळ चार आठवड्यांचा फरक पडतो.

प्रश्न : आमचा पुरवठादार तोच माल कुणालाही आमच्याच भावात विकतो.

मग ते खातं नावापुरतं आहे. दुसरा शोधा.

प्रश्न : मी विणकाम करते. तोच रंग-क्रमांक पुन्हा मागवला, पण लोकरीची छटा वेगळी आली. परत घेत नाहीत.

रंग-क्रमांक तोच असला तरी लॉट वेगळा असणार. प्रत्येक घाण्यात रंग किंचित वेगळा उतरतो, म्हणून वेष्टनावर लॉट क्रमांक वेगळा छापलेला असतो. पुढच्या ऑर्डरवर ‘सर्व माल एकाच लॉटमधला’ असं लेखी टाका. आत्ताच्या लोकरीचं म्हणाल, तर जुन्या-नव्या गुंड्यांची एक-एक ओळ आळीपाळीनं विणा. छटेतला फरक एका रेषेत उठून दिसत नाही.

प्रश्न : एक मोठं गिऱ्हाईक पैसे देईना, त्यामुळे माझं बिल थकणार आहे. खातं बंद होईल का?

मुदत उलटायच्या आधी पुरवठादाराला फोन करा. रक्कम सांगा, तारीख सांगा, आणि जमेल तेवढे आजच भरा. पुढे दुसरीकडे खातं मागाल तेव्हा तो नवा पुरवठादार याच माणसाकडे तुमची चौकशी करणार आहे.