टॉनिक मारलं आणि सोयाबीन हिरवं झालं. ते टॉनिकमुळेच झालं का, हे शेतकऱ्याला आपल्या वावरात तपासता येतं का?

तुम्ही लिहिलंय की जुलैच्या झडीत सोयाबीन पिवळं पडलं, कृषी केंद्रवाल्याने दिलेलं टॉनिक फवारलं आणि आठ दिवसांत वावर हिरवंगार झालं. शेजारी म्हणतो, उघाड पडली म्हणून झालं. खरं कोणाचं?

यंदाच्या तुमच्या वावरावरून ते आता कोणालाच सांगता येणार नाही. दुकानदारालाही नाही आणि शेजाऱ्यालाही नाही, कारण न फवारलेलं सोयाबीन तुम्ही ठेवलंच नाही. पुढच्या हंगामात मात्र तपासता येईल, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

मी दारव्ह्याकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. पाच एकर कोरडवाहू. माझीही अशीच फसगत झाली होती, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पिवळेपणाचं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत झड लागली की पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. वरची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उघाड पडून वाफसा आला की बहुतेक वेळा झाड आपसूक सावरतं. आता बघा, टॉनिक आपण कधी घेतो? पीक बघवत नाही असं झाल्यावर. आणि पंप पाठीला लावून वावरात शिरता कधी येतं? उघाड पडल्यावर. म्हणजे बाटली आणि उघाड एकाच दिवशी वावरात जातात. हिरवं कोणी केलं, हे सांगायचं कसं?

माझं तर याहून वाईट झालं, कारण मी 'प्रयोग' केलाय असं मला वाटत होतं. नाल्याकडच्या अर्ध्या वावरात टॉनिक मारलं, वरच्या अर्ध्यात नाही. नाल्याकडे एकरी दीड पोतं जास्त उतरलं. मी खूश. दुसऱ्या वर्षी पाचही एकरांत मारलं. एक दिवस बायको सहज बोलून गेली, "नाल्याकडचं त दरसाल जास्तच होते नं." वरचं बरड, खालचं भारी. वरची माती वाहून खालीच जाते. मी चांगल्या जमिनीला टॉनिक दिलं होतं आणि बरडाला काहीच नाही. तसं का केलं? नाल्याजवळ पंप भरायला सोपं पडत होतं म्हणून!

ही चूक मोठमोठ्यांना छळून गेली आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या वावरात १८४३ पासून गव्हावर खतांची तुलना चालू आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ तिथे कामाला लागला. जमीन हातभरावर बदलते, तिला सारखी करणं कोणाच्या हातात नाही. यावर त्याचा तोडगा असा, की कुठल्या तुकड्याला काय द्यायचं हे माणसाने ठरवायचंच नाही, चिठ्ठीवर सोडायचं, आणि तुकडे पुष्कळ करायचे. आज नव्या औषधाच्या चाचणीत कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नुसती गोळी हेही असंच ठरतं. आपल्याकडे पिकाचं उत्पन्न किती आलं हे ठरवायच्या सरकारी पीक कापणी प्रयोगात वावर आणि जागा यादृच्छिक आकड्यांनी काढतात, पटवाऱ्याने बोट दाखवून नाही. निदान कागदावर तरी तसंच आहे. ती पद्धत देशात रुजवण्यात पां. वा. सुखात्मे या आपल्या मराठी संख्याशास्त्रज्ञाचा मोठा वाटा.

तर तिसऱ्या वर्षी मी एक एकर बाजूला काढला. दीड फुटावर पेरलेलं सोयाबीन, आठ-आठ तासांचे, म्हणजे ओळींचे, बारा पट्टे. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा सहा जोड्या. पेरणी उताराला आडवी असल्याने वरची जोडी बरडात आणि खालची भारी जमिनीत, पण एका जोडीतले दोघे जवळपास सारखेच. तुलना फक्त जोडीतल्या जोडीत करायची. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवलं. छापा आला तर वरच्या पट्ट्याला टॉनिक, काटा आला तर खालच्याला. दोनदा सलग असं आलं की हात शिवशिवला, 'हा पट्टा जरा बरा दिसतो, यालाच देऊ.' नाही दिलं.

उरलेल्या सहा पट्ट्यांना नुसतं पाणी फवारलं. तेवढेच पंप, त्याच दिवशी, तोच माणूस. सालदार हसला, "काकाजी, पाण्याची मजुरी देता का?" द्यावी लागते. फवारताना माणूस तासांतून चालतो, झाडं तुडवली जातात, पानं ओली होतात. हे दोन्हीकडे सारखं झालं, तरच उरलेला फरक बाटलीचा. निंदण, खत, डवरणी सगळं सारखं. टॉनिकसोबत युरियाही टाकला असता, तर पुन्हा तोच घोळ.

पुतण्या म्हणाला, फवारणाऱ्यालाही कळू देऊ नका. कल्पना बरोबर, पण माझं टॉनिक ह्युमिक आम्लाचं, काळंभोर, टाकीत ओतताच कळतं. मग निदान वजनकाट्यावरच्या माणसाला कळू दिलं नाही. पोत्यांवर फक्त एक ते बारा आकडे, आणि कोणता आकडा कशाचा ती वही घरी बायकोच्या पेटीत. पट्ट्यांच्या खुणेला ठोकलेल्या खुंट्यांवर विसंबू नका. माझ्या दोन खुंट्या डवऱ्यात उपटल्या गेल्या, तीन शेळीवाल्या पोरांनी नेल्या. धुऱ्यापासून तासं मोजून वहीत लिहिलं होतं म्हणून निभावलं.

काठाची दोन-दोन तासं सोडून मधली चारच मोजली, कारण वाऱ्याने फवारा शेजारच्या पट्ट्यावर उडतो. खरी परीक्षा मळणीला झाली. प्रत्येक ढिगानंतर यंत्र रिकामं चालवून झाडायचं, नाहीतर आधीच्या पट्ट्याचे दाणे पुढच्या पोत्यात येतात. चौथ्या वेळी मशीनवाला भडकला, "बारा खेपा झाडू काय? आमाले दुसरीकडं जायाचं नाई का?" त्याला चहा पाजला आणि दोनशे रुपये वरून दिले. सगळी पोती त्याच दिवशी, एकाच काट्यावर मोजली. दोन दिवस लांबवलं तर दाण्यातली ओल बदलते.

कापणीच्या आधीच वहीत लिहून ठेवलं होतं: सहाही जोड्यांत टॉनिक पुढे असलं तर घेईन. हे आधी लिहायचं. आकडे बघून नियम केला की तो आपल्या मनासारखाच होतो. टॉनिकचा काही उपयोगच नसेल, तर प्रत्येक जोडीत कोण पुढे येणार हे नाण्यासारखंच. मग सहाच्या सहा त्याच्या बाजूने पडण्याची शक्यता चौसष्टात एक.

पेटीतून वही काढली. टॉनिक चार जोड्यांत पुढे, दोन जोड्यांत मागे. चार म्हणजे बरंच वाटतं ना? पण सहा वेळा नाणं नुसतं उडवलं, तरी चार किंवा जास्त छापे चौसष्टात बावीस वेळा येतात, म्हणजे तीनदांतून साधारण एकदा. आणि फरक पट्ट्यामागे अर्ध्या किलोचा, तीस-पस्तीस किलोंत. त्यात बाटलीचेही पैसे निघत नव्हते, मजुरी तर सोडाच.

यावरून सगळी टॉनिकं खोटी असं मी म्हणत नाही. फरक लहान असेल तर तो सहा जोड्यांत दिसणारही नाही. माझी जमीन, ते एक साल, ती एक बाटली, एवढ्यापुरतंच माझं उत्तर.

वही घेऊन त्याच कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने पानं चाळली आणि म्हणाला, "काकाजी, तुमच्या वावरातच काही खोट असंल." मग यंदाची नवी बाटली पुढे केली, फुकट. घेतली. या वेळी दहा जोड्या आखल्यात. नाणं रविवारी उडवणार आहोत, नात सुट्टीत आली आहे, तिच्याच हातून.