मिशिगनच्या हंगामात अडवणारा हा अधिकारी वनरक्षक की पोलीस?

आपला प्रश्न असा आहे की, मिशिगनमध्ये नुकतेच राहायला आल्यापासून ऑक्टोबरात नदीकाठी आणि नोव्हेंबरात रानाच्या कडेला गणवेशातला एक अधिकारी एकटाच लोकांना थांबवून त्यांचे परवाने, मासे आणि बंदुका तपासताना आपल्याला दिसतो. त्याला वनखात्याचा माणूस म्हणायचे की पोलीस, आणि शिकारीला मोकळीक असलेल्या देशात एवढी तपासणी कशासाठी? मी मूळची रत्नागिरीची असून गेली चौदा वर्षे या राज्याच्या पश्चिम भागात राहते. बंदूक मी कधी हातात धरलेली नाही, परंतु गळाने मासे धरण्याचा नाद लहानपणापासूनचा असल्यामुळे या अधिकाऱ्यांशी माझी गाठ जवळजवळ दर वर्षी पडते.

तो दोन्ही आहे. कॉन्झर्व्हेशन ऑफिसर हे त्याचे अधिकृत पद असून तो राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा कर्मचारी असतो. जुनी माणसे त्याला अजूनही गेम वॉर्डन म्हणतात. आपल्याकडच्या वनरक्षकाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण त्याला पोलिसाचे संपूर्ण अधिकार असतात. दारू पिऊन मोटार चालवणाऱ्याला तो अडवू शकतो, अटक करू शकतो आणि त्याच्या कमरेला पिस्तूल असते. अशा अधिकाऱ्यांची संख्या संपूर्ण राज्यात अडीचशेच्या आसपास आहे आणि काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, ८३ आहेत, म्हणजे सरासरी एका काउंटीला तीन माणसे, त्यातही रजा, रात्रपाळ्या आणि न्यायालयाच्या तारखा वजा करायच्या. आपल्याला तो एकटा दिसतो याचे कारण तो बहुतेक वेळा खरोखरच एकटा असतो.

हे पद जुने आहे. १८८७ साली मिशिगनने विल्यम अल्डन स्मिथ यांना पगारी राज्य गेम वॉर्डन नेमले आणि अशी नेमणूक करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. (हेच स्मिथ पुढे सिनेटर झाले आणि १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर सिनेटने केलेल्या चौकशीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.) त्याआधी नऊच वर्षे, १८७८ साली, याच राज्यातल्या पेटॉस्की गावाजवळ प्रवासी कबुतरांची प्रचंड वीण भरली होती. धंदेवाईक पारध्यांनी जाळी लावून ती पकडली आणि पिंपांत भरून आगगाडीने शहरांच्या बाजारात पाठवली. ती जात १९१४ साली पृथ्वीवरून नाहीशी झाली. कायदे त्या काळीही होते, परंतु ते पाळले जातात की नाही हे पाहायला पगारी माणूस नव्हता.

इथले नियमपुस्तक पहिल्यांदा वाचताना मला ते विलक्षण किचकट वाटले होते: गळ केवढा असावा, टोपी कोणत्या रंगाची असावी, बंदूक मोटारीत कशी ठेवावी. पुढे हळूहळू लक्षात आले की यांतले बरेचसे नियम असे आहेत, की काठावर किंवा झाडाआड उभ्या असलेल्या एकाच माणसाला ते मोडल्याचे डोळ्यांनी दिसावे. हेतू सिद्ध करत बसण्याइतकी माणसे आणि वेळ कोणाकडेच नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या प्रश्नातली ‘एवढी तपासणी’ बरीचशी उलगडते.

आधी नदीचे उदाहरण घेते, कारण ते मला जवळचे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिशिगन सरोवरातले सॅमन मासे अंडी घालण्यासाठी नद्यांमध्ये वर चढतात. पहिल्या पावसात ओढ्याला वर चढणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की इथला चढणीचा मासा दहा-दहा किलोंचाही असू शकतो. आपल्याकडे माशांच्या विणीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात, आणि इथे ऐन विणीच्या काळात गळ टाकायला परवानगी कशी, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. त्याचे उत्तर असे की हे सॅमन अंडी घातल्यावर मरतातच. शिवाय ते इथले मूळचे नाहीत. मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने १९६६ साली पॅसिफिक किनाऱ्याकडचे कोहो सॅमन प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडले गेले आणि पुढच्या वर्षी चिनूक ही सॅमनचीच दुसरी जात आली. सरोवरात एलवाइफ नावाच्या, आपल्या तारलीसारख्या दिसणाऱ्या, बाहेरून शिरलेल्या माशाचा सुळसुळाट झाला होता. १९६७ साली मेलेल्या एलवाइफचे ढीगच्या ढीग किनाऱ्यांवर लागले. त्यांना खाणारा कोणीतरी हवा म्हणून सॅमन आणले. आजही लिटल मॅनिस्टी नदीवर मासे अडवून चिनूकची अंडी काढली जातात आणि पिल्ले वाढवून सोडली जातात.

खरी अडचण माशाच्या स्वभावात आहे. नदीत शिरलेला सॅमन जवळजवळ खाणे सोडतो, त्यामुळे आमिषाला तो क्वचितच तोंड लावतो. उथळ पाण्यात डोळ्यांसमोर शेकडो मासे हलत आहेत आणि एकही गळ गिळत नाही, अशा वेळी माणसाची बुद्धी फिरते. मग तो जड गळ पाण्यात टाकून जोरात बाजूला ओढतो, म्हणजे तो माशाच्या पाठीत, पोटात किंवा शेपटीत रुततो. याला इथे स्नॅगिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. नियम असा की तोंडाखेरीज इतरत्र गळ लागलेला मासा तत्काळ पाण्यात सोडायचा, मग तो चुकून लागलेला असो वा मुद्दाम. काही नद्यांवर या मोसमात गळाचा आकार आणि त्याला जोडायचे वजन यांवरही बंधन असते. चूक की मुद्दाम, हा वाद नियमाने काढूनच टाकला आहे, कारण गळ कुठे रुतला आहे हे काठावरून दिसते, आणि मनात काय होते ते दिसत नाही. अधिकारी दुर्बीण घेऊन उंच काठावर तासन् तास बसतो आणि माणसांकडे न पाहता त्यांच्या गळाच्या काठ्यांकडे पाहतो. मासा लागल्यावर मारलेला हिसका आणि मासा लागावा म्हणून पुन्हा पुन्हा मारलेले हिसके यांतला फरक सवयीच्या डोळ्याला लगेच कळतो.

मॅनिस्टी नदीवर टिपी धरणाखाली माझ्या पहिल्याच मोसमात एक मोठा चिनूक गळाला लागला. पंधरा-वीस मिनिटांच्या ओढाताणीनंतर तो जाळ्यात आला तेव्हा गळ पाठीच्या पराजवळ रुतलेला होता. मी छायाचित्राच्या तयारीत असताना शेजारचे एक वयस्कर गृहस्थ काहीशा कठोरपणे म्हणाले, ‘सोडा त्याला, आत्ताच्या आत्ता.’ मला राग आला, तरी मी मासा सोडला. अर्ध्या तासाने पलीकडच्या काठावरचा एक माणूस पूल ओलांडून आला आणि त्याने परवाना मागितला. तो अधिकारी होता. जाताना शांतपणे म्हणाला की, मासा सोडलेला मी पाहिला. त्या वेळी मला नियम ठाऊकच नव्हता ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

आता रानाकडे वळू. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा मुख्य हंगाम दर वर्षी १५ ते ३० नोव्हेंबर असा ठरलेला असतो, मग वार कोणताही असो. उत्तरेकडच्या कित्येक गावांत १५ तारखेला शाळांना सुट्टी असते. गणपतीला कोकणातली कार्यालये ओस पडतात, तसाच प्रकार. त्या एका पहाटे काही लाख माणसे हातात बंदूक घेऊन रानात बसलेली असतात आणि अधिकाऱ्याला भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सशस्त्र असतो. मला स्वतःला या नोकरीतली ही गोष्ट सर्वांत कठीण वाटते. दूरवरून हाक देऊन, स्वतःची ओळख सांगून, समोरच्याच्या हातांवर नजर ठेवून आणि तरीही आवाजात धाक न आणता त्याला जवळ जावे लागते, आणि मदतीची गाडी यायला पाऊण तास लागू शकतो.

इथेही नियम नजरेने तपासता येण्याजोगे आहेत. शिकाऱ्याने चहूबाजूंनी दिसेल असे भगव्याहून भडक नारिंगी वस्त्र घालायचे. गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, म्हणजे अंधारात आलेला बार हीच तक्रार. वस्ती असलेल्या घरापासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय शिकार नाही. मोटारीत लांब नळीची बंदूक रिकामी करून पिशवीबंद ठेवायची. हरीण पडले की परवान्यासोबतची पट्टी तिथल्या तिथे त्याला बांधायची, कारण पट्टी नसेल तर तोच परवाना दुसऱ्या, तिसऱ्या हरणासाठी वापरता येतो. २०२२ पासून ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करणेही सक्तीचे झाले आहे. रात्री विजेऱ्यांचा झोत टाकून हरणे शोधणे एरवी रात्री अकरापर्यंत चालते, परंतु नोव्हेंबरात ते संपूर्ण महिनाभर बंद असते. झोतात हरीण डोळे विस्फारून थिजते आणि तिथून चोरट्या शिकारीचे अंतर एका चापाइतकेच उरते. रस्त्यावरून मोटारीतूनच बार काढणाऱ्यांसाठी अनेक राज्यांत अधिकारी मान हलवणारे यांत्रिक हरीण झुडपात उभे करून ठेवतात.

सर्वांत जास्त कुरकुर आमिषाच्या बंदीवर ऐकू येते. मका, बीट, गाजरे यांचे ढीग टाकून हरणांना बंदुकीच्या टप्प्यात आणण्याची जुनी सवय होती. २०१५ साली राज्याची राजधानी लान्सिंगजवळ मिशिगनच्या मोकळ्या रानातल्या हरणात क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा असाध्य रोग पहिल्यांदा सापडला. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हा रोग लाळेतून, मूत्रातून आणि दूषित मातीतूनही पसरतो, आणि एका ढिगावर दहा हरणांनी तोंड घातले की त्याला आयतीच वाट मिळते. म्हणून २०१९ पासून राज्याच्या दोन भागांपैकी दक्षिणेकडच्या, म्हणजे खालच्या द्वीपकल्पात, अपंग शिकाऱ्यांसाठीच्या मर्यादित सवलतीसारखे अपवाद वगळता, आमिष टाकणे बंद आहे. उत्तरेकडच्या, म्हणजे वरच्या द्वीपकल्पात ते मर्यादेत चालते. अधिकाऱ्यांना इथे विमानाचीही मदत होते, कारण पानगळ झालेल्या रानात मक्याचा पिवळा ढीग वरून स्पष्ट दिसतो. शिकाऱ्यांचे म्हणणे असे की हरणे नाहीतरी एकत्र चरतातच. त्यात तथ्य आहे, तरीही रोज त्याच जागी ढीग ओतणे ही वेगळी गोष्ट आहे असे मला वाटते.

शिक्षा किरकोळ नसते. बेकायदा मारलेल्या प्रत्येक हरणामागे राज्याला १,००० डॉलर भरपाई द्यावी लागते, शिंगवाला नर असल्यास आणखी १,०००, आणि शिंगांना आठ ते दहा टोके असल्यास प्रत्येक टोकामागे ५०० डॉलर जास्त; म्हणजे दहा टोकांचा नर ७,००० डॉलरांना पडतो, आणि दंड, प्रसंगी तुरुंग व काही वर्षे परवाना रद्द होणे हे त्याशिवाय. परवाना एका राज्यात रद्द झाला की आपसांतल्या करारामुळे इतर बहुतेक राज्यांतही शिकार करता येत नाही. भरपाई ‘राज्याला’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. जमीन कोणाचीही असली तरी तिच्यावरचे हरीण जमीनमालकाचे नसते. ते सर्व जनतेचे असून राज्य केवळ विश्वस्त आहे, अशी इथल्या कायद्याची मूळ धारणा आहे.

त्यातूनच एक वादाचा मुद्दा निघतो. अधिकारी वॉरंट न घेता खाजगी शेतात किंवा रानात शिरू शकतो. १९२४ आणि पुन्हा १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की घर आणि त्याला लागून असलेले अंगण यांना झडतीपासून जे घटनात्मक संरक्षण आहे, ते त्यापलीकडच्या मोकळ्या जमिनीला नाही. मात्र टेनेसीच्या अपील न्यायालयाने २०२४ साली तिथल्या राज्यघटनेच्या आधारे अशा शिरकावाला चाप लावला; त्या प्रकरणात अधिकाऱ्यांनी खाजगी रानातल्या झाडांवर कॅमेरेही बसवले होते. माझे मत विचाराल तर मला जमीनमालकांची अस्वस्थता समजते. आपल्या झाडावर न सांगता कॅमेरा बसवलेला कोणाला आवडेल?

आणखी एक गोष्ट नवख्या माणसाला ठाऊक नसते. नदीवर कोणी आपल्याहून वेगळ्या नियमांनी मासे धरताना दिसले तर लगेच चोर समजू नये. १८३६ च्या करारात ओडावा आणि ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी राज्याचा मोठा प्रदेश सोडला, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला; २००७ साली राज्याने पाच जमातींबरोबरच्या समझोत्यात अंतर्भागातला तो हक्क मान्य केला. त्यांचे नियम त्यांचे आहेत आणि ते पाहणारे त्यांचे स्वतःचे अधिकारीही आहेत.

आपण स्वतः नदीवर जाणार असाल तर वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि तो मागितल्यावर दाखवावा लागतो. फोनमधला चालतो, पण धरणाखालच्या दरीत फोनला रेंज नसते, म्हणून मी छापील प्रत जवळ ठेवते. अधिकारी आला की बर्फाच्या डब्याचे झाकण आपणहून उघडावे आणि मासे मोजता येतील असे ठेवावेत, घरी नेण्यापूर्वी त्यांचे तुकडे करू नयेत. फक्त फिरायला जाणाऱ्यांवर नारिंगी वस्त्राची सक्ती नाही, तरी १५ नोव्हेंबरनंतर मी तशी टोपी घातल्याशिवाय रानवाटेला लागत नाही आणि कुत्र्याच्या गळ्यातही तसाच पट्टा बांधते.