भागीदाराने मला न विचारता उधारीवर माल घेतला. सही माझी नाही, तरी पैसे मी द्यायचे का? कंपनी काढली असती तर सुटलो असतो का?

बहुधा द्यावे लागतील. तुम्ही लिहिलंय की मित्राला "मला विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही" असं बजावलं होतं. पण ते तुमचं आपसातलं बोलणं. पुरवठादाराच्या कानावर ते कुठे गेलं होतं?

मी व्यापारी कायदा शिकवतो, आणि हा मुद्दा मुलांच्या गळी उतरवायला दरवर्षी सर्वात जास्त वेळ लागतो. भागीदारीत प्रत्येक भागीदार बाकीच्यांचा एजंट असतो. धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी त्याने केलेला व्यवहार सगळ्यांच्या अंगावर येतो, आणि साध्या भागीदारीत तो तुमच्या घरच्या पैशापर्यंत पोचू शकतो. लेखी करारनामा नसला तरी फरक पडत नाही. दोघांनी मिळून नफ्यासाठी धंदा चालवला की भागीदारी झालीच.

इंग्लंडमधला १८९३ चा वॅटो विरुद्ध फेनविक हा खटला बघा. हंबल नावाच्या माणसाने आपलं बिअरचं दुकान एका दारू कंपनीला विकलं आणि तिथेच व्यवस्थापक म्हणून राहिला. दारावर नाव त्याचंच, परवानाही त्याच्याच नावावर. नव्या मालकांनी सांगितलं होतं की बाटलीबंद बिअर आणि मिनरल वॉटर सोडून काहीही विकत घ्यायचं नाही. त्याने सिगार आणि बोव्हरिल (गोमांसाचा घट्ट अर्क) उधारीवर घेतले. विकणाऱ्याला तर पडद्यामागे दुसरा कोणी मालक आहे हेच माहीत नव्हतं, तरी पैसे मालकांना भरावे लागले: असल्या दुकानाचा व्यवस्थापक असा माल घेतोच, मग आतली मनाई बाहेरच्याला लागू नाही. हा निकाल जरा जास्तच ताणलाय असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, मलाही. तुमच्या बाबतीत मात्र एवढं ताणायची गरजच नाही, कारण तुमचा मित्र उघडउघड भागीदार आहे.

सुटायच्या वाटा दोनच दिसतात. एक, पुरवठादाराला मनाई माहीत होती. दुसरी, माल तुमच्या धंद्याशी संबंधितच नव्हता. छापखान्याच्या नावावर कोणी ट्रॅक्टर घेतला, तर विकणाऱ्याला शंका यायला हवी होती असं म्हणता येतं; कागद घेतला असेल तर नाही.

आता कंपनीचं. कंपनीला हात नाहीत, डोकं नाही, ती सगळी कामं एजंटांकडूनच करून घेते. म्हणजे मित्र संचालक असता तरी व्यवहार बंधनकारकच राहिला असता. फक्त तो कंपनीला बंधनकारक, तुम्हाला नाही. १८९७ च्या सॅलोमनच्या खटल्यात हाच प्रश्न होता. बूट बनवणाऱ्या सॅलोमनच्या कंपनीचे २०,००७ शेअर, त्यातले २०,००१ त्याचे आणि उरलेले सहा बायकोमुलांचे. कंपनी बुडाली. खालच्या न्यायालयाने म्हटलं की कंपनी ही त्याचीच एजंट, तेव्हा देणी त्याने भागवावीत. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते उलटवलं: कंपनी वेगळी, माणूस वेगळा.

पण लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकाची वैयक्तिक हमी हमखास मागते. ती सही केलीत की त्या कर्जापुरती तुमची भिंत पडली. "कंपनी काढू, मग बिनधास्त" म्हणणारे हे विसरतात.

पैसे भरावे लागले तरी मनाई मोडल्याबद्दल मित्राकडून ते मागण्याचा हक्क तुम्हाला राहतो. तो हिशेब तुमच्या दोघांचा, पुरवठादार त्यात पडणार नाही. आणि पुढे मित्र धंद्यातून बाहेर पडला, तर जुन्या पुरवठादारांना त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर तो गेल्यावरही तुमच्या नावाने माल उचलू शकतो.

आत्ता एकच शोधा: त्या पुरवठादाराला तुम्ही कधी, निदान मेसेजवर तरी, "मला विचारल्याशिवाय याला उधार देऊ नका" असं कळवलं होतं का? मेसेज सापडला तर डिलीट करू नका आणि तो घेऊन वकिलाकडे जा.