दराच्या आधी नकाशा

प्रिय पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

महामार्ग रुंदीकरणाच्या कृती समितीचं सचिवपद तुझ्याकडे आल्याचं तुझ्या आत्याने फोनवर सांगितलं. मनापासून आनंद झाला. समितीत वयाने आणि मानाने मोठी माणसं आहेत, पण मुद्देसूद अर्ज लिहिणारं आणि नकाशा पसरून नेमक्या जागेवर बोट ठेवणारं माणूस आपल्याकडे नेहमीच कमी पडतं. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, सातारा-सांगलीच्या तालुक्यांत मोजणी करण्यात गेली. साखळी आणि प्लेन टेबलापासून उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या रोव्हरपर्यंत सगळं हाताळलं. रस्त्याला जमीन जाताना माणसं कशी भांबावतात ते जवळून पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या बैठकीपासून बोलणं दरावर येईल. गुंठ्याला किती, शेजारच्या तालुक्यात किती मिळाले, कुणाच्या ओळखीने वाढतील. ते साहजिक आहे. ज्याचं दुकान अर्धं कापलं जाणार, त्याला दुसरं काय सुचणार? तू मात्र दराच्या आधी नकाशाला हात घाल. दर सगळ्यात शेवटी ठरतो आणि कमी पडला तर लवादाकडे जाता येतं, त्याच्या पुढे जिल्हा न्यायालय आहे. पण रस्ता जमिनीच्या पातळीने जाणार की भरावावरून, गावाला ओलांडायला वाट कुठे, ओढ्याचं पाणी कुठून निघणार, हे सगळं आधीच ठरून जातं. काम झाल्यावर ते बदलून घ्यायला वर्षं जातात. उंब्रजच्या लोकांना विचार. महामार्गाच्या भराव पुलाने त्यांचं गाव दोन बाजूंना पडलं आणि तो काढून खांबांवरचा पूल करा, अशी मागणी त्यांना करावी लागली. कऱ्हाड-मलकापूरला तर सहापदरीकरणात जुने उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडले आणि खांबांवरच्या लांब पुलाचं काम काढलं. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलंय.

आराखडा आता बदलत नाही, असं तुला ऑफिसात सांगतील. बदलतो. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. २०२० मध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्यासाठी उभे राहिले, राज्यातून केंद्राकडे पत्र गेलं आणि वडासाठी तिथली आखणी बदलली. कुठलं झाड, कुठली जागा, काय हवं, हे त्यांच्या मागणीत स्पष्ट होतं. 'आमच्या गावाचा विचार करावा' एवढ्याच अर्थाचं निवेदन फायलीला लागतं आणि तिथेच राहतं.

तेव्हा माहिती अधिकारात अर्ज कर. फी दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. आखणीचा नकाशा, रस्त्याचा उभा छेद, भूसंपादनाचा नकाशा आणि मोऱ्या, पूल, भुयारी मार्ग यांची ठिकाणांसह यादी, एवढं स्पष्ट लिहून माग. उभा छेद विसरू नकोस. रस्ता कुठे किती उचलला जाणार ते त्याच्यावरच दिसतं, साध्या नकाशावर नाही.

कागद हातात आले की एका सकाळी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. बरोबर एक ट्रॅक्टरवाला घे, एक पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी घे, शाळेतल्या एखाद्या बाई घे आणि पलीकडच्या वस्तीवरची चार माणसं घे. प्रत्येक जण तुला वेगळी गोष्ट दाखवेल. ट्रॅक्टरवाला सांगेल की गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो, आणि भरलेली ट्रॉली कमी उंचीच्या बोगद्यात अडकते. मोठ्या वाहनांच्या भुयारी मार्गाला ५.५ मीटर उंची धरतात, हलक्या वाहनांच्या मार्गाला त्याहून कमी. आराखड्यात नुसतं 'भुयारी मार्ग' वाचून समितीने समाधान मानलं, तर पहिल्याच हंगामात उसाची वाहनं उलट दिशेने हायवेवर चढतील. अपघात तिथेच होतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्यांसह वळायला किती जागा लागते, तेही मोकळ्या मैदानात टेप लावून मोजा आणि अर्जात तो आकडा लिहा.

पाटकरी तुला जमिनीखालचं गाव दाखवेल. आपल्याकडे नदीवरून, विहिरीवरून, उपसा योजनेच्या पाण्यावरून शेतकऱ्यांनी लांब लांब पाइपलाइनी नेल्यात. त्यातल्या कितीतरी रस्त्याखालून जातात आणि कुठल्याच कागदावर नसतात. रुंदीकरणात त्या फुटतात. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी पाइपलाइनींची यादी कर: कुणाची, किती इंची, कुठल्या गटातून कुठल्या गटात. प्रत्येक जागी रस्त्याखालून आडवा केसिंग पाइप, म्हणजे ज्याच्या आतून लाइन नेता येते असा मोठा पाइप, टाकून मागा. दोन-चार पाइप जास्तच मागा, कारण उद्या कुणी नवी लाइन नेणार असेल तर डांबर झाल्यावर महामार्ग फोडायची परवानगी सहज मिळत नाही. ही यादी कंटाळवाणी आहे आणि तिच्यासाठी कुणी तुझा सत्कार करणार नाही. पण ज्याचा दोन एकर ऊस रस्त्याच्या पलीकडे आहे, त्याचा संसार या एका पाइपावर उभा असतो.

बाई सांगतील की पोरं कुठून रस्ता ओलांडतात. नकाशावरची जागा सोड, खरी वाट बघ. पोरं आणि म्हातारी माणसं लांबचा वळसा घालत नाहीत, दुभाजकाच्या फटीतून जातात. स्मशानभूमी कुठल्या बाजूला, जत्रेत पालखी कुठून निघते, दूध संकलनाला पहाटे बायका कुठून येतात, हे सगळं मांडा. आणि पावसाचं बोला. २००५, २०१९, २०२१ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते घराघरांत माहीत आहे. भिंतींवर खुणा आहेत. त्या खुणांचे फोटो आणि उंची अर्जाला जोडा. भराव घातला आणि मोरी अरुंद ठेवली, तर ओढ्याचं पाणी वरच्या बाजूला तुंबतं आणि ज्या आळीत कधी पाणी आलं नाही तिथे शिरतं. मोरीचा गाळा, म्हणजे पाणी जायची रुंदी, वाढवून मागताना हा पुरावा सगळ्यात जड ठरतो.

आता माझ्या खात्यातलं. रुंदीकरणात पहिला वाद होतो तो असलेल्या रस्त्याच्या रुंदीवर. रस्त्याची हद्द मध्यरेषेपासून अमुक मीटर आहे, ती आमचीच जमीन, असं बांधकाम विभाग म्हणतो. शेतकऱ्याच्या सात-बारावर मात्र क्षेत्र पूर्वीचंच असतं, कारण जुन्या काळी रस्ता झाला तेव्हा क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रकच (कजाप) झालेलं नसतं. आपल्या भागात या कजापच्या घोळावर कामं थांबलेली आहेत. म्हणून आधी गटबुकाचे नकाशे, जुने फेरफार आणि पूर्वीच्या संपादनाचा निवाडा असेल तर त्याची नक्कल काढ. जी जमीन कधी संपादितच झाली नाही तिचा मोबदला मागता येतो. जी झाली आहे तिच्यावर भांडून समितीचं वजन घालवू नका.

संयुक्त मोजणीच्या दिवशी प्रत्येक खातेदार जागेवर हजर हवा. पुण्या-मुंबईच्या पोरांनी सुट्टी काढून यावं. घर, पडवी, जिना, विहीर, बोअर, पाण्याची टाकी, ताल (शेताचा बांध), आंब्याची-नारळाची झाडं, सगळं पंचनाम्यात आलं का ते वाचून बघायचं. प्रत्येकाचा टेप धरून फोटो काढायचा. नोंद चुकली असेल तर सही नाकारून घरी जायचं नाही. सहीच्या वरच 'विहिरीची नोंद घेतलेली नाही, हरकत आहे' असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करायची आणि त्याच दिवशी त्याचा अर्ज आवक करून पोच घ्यायची. ती एक ओळ पुढे लवादासमोर तुझी बाजू मांडते.

तारखांची वही ठेव. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. त्यातल्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात, आणि त्यात गावकऱ्यांचे निम्मे दिवस पेपरातली जाहिरात कुणाच्या लक्षात न आल्यामुळे जातात. ३ए नंतर एका वर्षात ३डी, म्हणजे संपादनाची पक्की घोषणा, निघाली नाही तर ३ए रद्द होते. ३डी निघाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. मग ३जी खाली मोबदला ठरतो.

मोबदल्यासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याची पद्धत महामार्गालाही लागू आहे. आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं काढतात, त्यातली चढ्या किमतीची निम्मी घेऊन सरासरी धरतात, आणि ती रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारी दरपत्रकाशी, ताडून जो आकडा जास्त तो घेतात. आपल्याकडे मुद्रांक वाचवायला खताची किंमत कमी लावायची सवय आहे, आणि त्या सवयीचा फटका आज साऱ्या गावाला बसतो. तरी निबंधक कार्यालयातून सगळी खतं तूच काढ, चांगल्या दराचं एखादं नजरेतून सुटलेलं असतं. त्या आकड्याला गुणक लागतो, ग्रामीण भागात एक ते दोनच्या दरम्यान, शहरी भागात एक. नगरपंचायत झाल्यामुळे कुठली वाडी कशात धरली आणि गुणक कुठल्या आदेशाने लावला, हे लेखी माग. वर शंभर टक्के दिलासा रक्कम (सोलेशियम), म्हणजे तेवढीच आणखी, मिळते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गाच्या खातेदारांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारणं घटनाबाह्य ठरवलं आहे, त्यामुळे 'तुम्हाला ते लागू नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

बैठकीत ज्यांचा आवाज नसतो त्यांची मला जास्त काळजी आहे. भाड्याच्या गाळ्यात सायकलींची पंक्चर काढणारा, चौकातला चहावाला, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या बायका. मोबदला घरमालकाला मिळतो आणि हे उठून जातात. पण धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च मोबदल्यात धरायची तरतूद कायद्यात आहे. लोकांना ती माहीत नसते म्हणून कुणी मागत नाही. त्यांचे भाडेकरार, लाइट बिलं, दुकान परवाने आताच गोळा कर. फुटपाथवर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगरपंचायतीच्या सर्वेक्षणात त्यांची नावं आहेत का ते बघ, नसतील तर घालून घे. पर्यायी बाजाराची जागा आराखड्याबरोबरच मागायची. नंतर नुसती आश्वासनं मिळतात.

आणि बहिणींचं. रक्कम यायची चाहूल लागली की हक्कसोड पत्रं लिहून घ्यायची घाई सुरू होते. माहेरी बोलवायचं, जेवू घालायचं, साडी द्यायची आणि सही घ्यायची. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीने स्वखुशीने सोडला तर तिचा अधिकार, पण तिला मोबदल्याचा आकडा सांगून मगच कागद पुढे करावा. हे तू मुलगी म्हणून बैठकीत बोललीस तर काही जणांना खुपेल. तरीही बोल. वारस नोंदी आधी करून घ्यायचं व्यवहाराचं कारणही आहे: वाटणीवर वाद निघाला तर रक्कम दिवाणी न्यायालयात जाते आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहते.

रस्ता नको असं मी म्हणत नाही. साताऱ्याला दवाखान्यात नेताना वाटेत जीव गेलेली माणसं आपल्या गावात आहेत. चांगला रस्ता आपल्यालाही हवाच आहे.

येत्या आठवड्यात एवढं कर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रस्त्याकडेच्या सगळ्या गटांच्या नकाशांच्या नकलांना अर्ज टाक आणि गट नंबरांची यादी मला पाठव. पाइपलाइनींची वही आधी वरच्या आळीपासून सुरू कर, तिथली जुनी माणसं थकली आहेत आणि कुठली लाइन कुठून जाते ते त्यांनाच ठाऊक आहे. मोजणीची नोटीस आली की फोन कर, मी आदल्या दिवशी एसटीने येतो.

तुझा,
काका