आधी शीर्षक खोड

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजवरच्या तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलं. ‘त्यागमूर्ती इझाबेला थोबर्न’ हे शीर्षक आधी खोड. कॉलेज काढणाऱ्या या अमेरिकन मिशनरी बाई मोठ्या होत्या, एकतीस वर्षं राबून 1901 मध्ये लखनौतच कॉलऱ्याने गेल्या, वादच नाही. पण प्रबंधात आरती नको.

या कॉलेजला (तिथे सगळे ‘आयटी’च म्हणतात, संगणकाचा संबंध नाही) पैसा होता अमेरिकेतल्या मेथडिस्ट बायकांच्या मिशनरी सोसायटीचा. 1870 च्या जानेवारीत थोबर्नबाई डॉ. क्लॅरा स्वेन यांच्याबरोबर मुंबईला बोटीतून उतरल्या आणि एप्रिलमध्ये अमीनाबादच्या बाजारात, एका खोलीत, सहा मुलींची शाळा भरली. पहिल्या दिवशी दाराशी एक दणकट पोरगा काठी घेऊन राखणीला उभा होता. ही ओळ तू तळटीपेत ढकललीस! अगं, मुली शिकायला लागल्या तर बाजार काय करील ही सगळी धास्ती त्या काठीत आहे. पुढच्या वर्षी घेतलेला लालबागचा बंगला, 1886 चे कॉलेजचे वर्ग, 1923 मध्ये चांदबागेत मुक्काम, हे एका परिच्छेदात उरक.

वेळ घाल तो मिशनच्या वार्षिक अहवालांवर. ते लिहिले गेले देणगीदारांसाठी, हे वाचताना विसरू नकोस. मी तरुणपणी एका मिशनशाळेवर लिहिताना पटावरचा आकडा रोजची हजेरी समजून छापला होता. परीक्षकांनी भर तोंडी परीक्षेत कान उपटले.

लीलावती सिंह यांचंच बघ. आधी इथल्या विद्यार्थिनी, मग इथेच शिकवू लागल्या. 1900 मध्ये न्यूयॉर्कच्या मिशनरी परिषदेत त्यांचं भाषण ऐकून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन म्हणाले, मी मिशनला दहा लाख डॉलर दिले असते आणि त्यातून ही एकच बाई घडली असती, तरी माझे पैसे वसूल झाले असते. कौतुकच ते, पण हिशेब डॉलरचा. बाई बोलल्या होत्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर. तुझ्या प्रकरणात हॅरिसनचं वाक्य दोनदा आलंय, बाईंचं एकही नाही. ते भाषण मिळवून नीट वाच, मगच पुढचं प्रकरण धाड.

आणि त्या काठीवाल्या पोराचं नाव कुठे सापडलं, तर मला लगेच कळव.

तुझे,
सर