वार्षिक करार मधेच मोडावा का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरातूनच डिझाइनचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती तयार करण्यासाठी त्यांनी एप्रिलमध्ये एक सॉफ्टवेअर दरमहा २,३६० रुपयांना, म्हणजे २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी या दराने घेतले. चातुर्मासात पत्रिकांची कामे थांबल्यामुळे ऑगस्टअखेर, पाच हप्ते भरून झाल्यावर, त्या ते बंद करू लागल्या, तेव्हा उरलेल्या सात महिन्यांच्या रकमेच्या निम्मे, म्हणजे ८,२६० रुपये, शुल्क म्हणून द्यावे लागतील असे पडद्यावर दिसले. आता शुल्क भरून मोकळे व्हावे, मार्चपर्यंत चालू ठेवावे, की कार्डावरून होणारी वसुलीच थांबवावी, असे त्या विचारतात. शुल्कासाठी भिशीचा हप्ता चुकवावा का, असेही त्यांनी विचारले आहे.

ताई, आपण महिन्याचे सॉफ्टवेअर घेतले असे आपल्याला वाटले, परंतु प्रत्यक्षात वर्षाचा करार झाला आणि केवळ पैसे हप्त्याने द्यायचे ठरले. या दोहोंतील फरक विकताना ठळकपणे सांगितला जात नाही, ही तक्रार जगभर आहे. अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या संस्थेच्या शिफारशीवरून डिझाइनची सॉफ्टवेअर विकणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला, त्यातही मासिक हप्त्यांच्या वार्षिक योजनेतले मुदतपूर्व शुल्क ग्राहकांपासून झाकून ठेवल्याचाच आरोप होता. त्यामुळे आपण निष्काळजी होतात असे मी मानत नाही. मात्र राग बाजूला ठेवून आधी आकडे पाहू, कारण ते वरवर दिसतात त्यापेक्षा वेगळे आहेत.

आज करार मोडला तर ८,२६० रुपये जातील आणि हातात काहीच राहणार नाही. मार्चपर्यंत चालवला तर १६,५२० रुपये जातील. पण निवड केवळ या दोन टोकांतली नाही. आपण आणखी एक महिना थांबलात तर २,३६० रुपयांचा हप्ता जातो, मात्र उरलेला एक महिना कमी झाल्याने शुल्क १,१८० रुपयांनी घटते. म्हणजे यापुढे प्रत्येक महिन्याचा खरा खर्च १,१८० रुपयेच आहे, बाकीचे १,१८० रुपये आपण वापरा किंवा वापरू नका, जाणारच आहेत. आतापर्यंत भरलेले पाच हप्ते या हिशेबात धरू नयेत, कारण कोणताही निर्णय घेतला तरी ते परत येणार नाहीत. आपली जीएसटी नोंदणी नसल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून कराची वजावटही मिळणार नाही आणि पूर्ण रक्कमच खर्च समजावी लागेल.

आता प्रश्न एवढाच उरतो की पुढच्या महिन्यांत या सॉफ्टवेअरवाचून न होणारे काम आपल्याला महिन्याला १,१८० रुपयांहून अधिक मिळवून देईल का. नवरात्र आणि दिवाळीत महाद्वार रोडवरील दोन दुकानांच्या जाहिराती दरवर्षी आपल्याकडे असतात, असे आपण लिहिले आहे, आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. आपण वर्षातला सर्वांत मंद काळ पाहून निर्णय घेऊ पाहत आहात, ही माझी खरी चिंता आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर चालवून मग करार मोडला, तर तीन हप्त्यांचे ७,०८० आणि शुल्काचे ४,७२० मिळून ११,८०० रुपये होतात, म्हणजे आज मोडण्यापेक्षा ३,५४० रुपये जास्त. तीन महिन्यांच्या हंगामी कामासाठी ही किंमत मला रास्त वाटते. नोव्हेंबरअखेर हातात पत्रिकांची कामे असतील तर आपण मोडणारही नाही.

इंकस्केप आणि स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरकडे वळण्याचा आपण लिहिलेला विचार चांगला आहे, आणि युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीची, देवनागरी त्यांत नीट चालते. अडचण जुन्या फायलींची आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेल्या पत्रिका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना अक्षरे आणि मांडणी बिघडू शकते, आणि गिऱ्हाईक ‘गेल्या वर्षीचीच पत्रिका, फक्त नावे बदला’ म्हणते तेव्हा हा धोका पत्करता येत नाही. म्हणून या तीन महिन्यांत नवी कामे मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून पाहावीत आणि जुन्या ठरावीक फायली पीडीएफ म्हणूनही जतन कराव्यात, म्हणजे पुढचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

कार्डावरील वसुली थांबवण्याचा मार्ग मात्र मी सुचवणार नाही, निदान एकटा तरी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरील आवर्ती वसुलीची सूचना किमान २४ तास आधी मिळायला हवी, आणि मॅन्डेट, म्हणजे अशा वसुलीला दिलेली परवानगी, केव्हाही रद्द करण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण त्याने बँकेला दिलेली परवानगी संपते, कंपनीशी झालेला करार संपत नाही, आणि थकबाकीचा तगादा मागे लागू शकतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मॅन्डेटची कमाल रक्कम जरूर पाहा. ती मासिक हप्त्याएवढीच असेल तर ८,२६० रुपये एकदम वळते करायला आपली वेगळी संमती लागेल, म्हणून त्या रकमेचा ओटीपी घाईत देऊ नका.

शुल्क माफ करण्याची मागणी लेखी स्वरूपात अवश्य करा. एप्रिलमधील खरेदी पक्की झाल्याचा ई-मेल काढून पाहा, कारण त्यात शुल्काचा स्पष्ट उल्लेख नसेल तर आपली बाजू बरीच बळकट होते. किमतीचे घटक आधी न दाखवणे आणि वर्गणीतून बाहेर पडणे अवघड करणे, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकवणाऱ्या फसव्या रचनांमध्ये मोडतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंड लिहिला असला तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. आपण स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करता, म्हणून व्यावसायिक वापर असल्याचे सांगून ग्राहक म्हणून आपला हक्क सहजी नाकारता येणार नाही. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढे ग्राहक आयोगात जायचे का, हे ठरवताना रकमेइतकाच आपला वेळही मोजा.

कंपनी छोट्या योजनेत जाण्याचा पर्याय देईल, तेव्हा त्याने नवे वर्ष सुरू होते का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. स्वयंचलित नूतनीकरण आताच बंद करून मार्चअखेरपर्यंत वापर चालू ठेवता येतो का, हेही त्याच पत्रात विचारा.

भिशीचा हप्ता चुकवू नका. तेथे आपल्या हप्त्यावर इतरांची पाळी अवलंबून असते. शुल्क कधी भरावे लागलेच तर क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरून ते लांबवू नये, कारण त्यावरील व्याज वर्षाला ३६ टक्क्यांच्या आसपास किंवा वरही जाते. दिवाळीच्या कामांतून महिना १,५०० रुपये वेगळे ठेवलेत तर नोव्हेंबरअखेर ४,५०० रुपये होतात, आणि तेव्हा करार मोडायचा ठरला तर ४,७२० रुपयांचे शुल्क जवळपास त्यातूनच निघते.